बिबट्याच्या गळ्याचा माठ

मित्रांनो, माझ्यात पाणी भरायला जाऊ नका. मी माठ आहे खरा, पण मला बूड नाही. ते फुटलेलं नाही, फोडलेलं आहे, आणि तेही मला घडवणाऱ्याच्याच हातांनी. ज्याला जन्मदात्यानेच असा दगा दिला, तो पुढे कुणावर विश्वास ठेवणार? मी कुणावरच ठेवला नाही. आता तुम्ही एवढ्या आपुलकीने ऐकायला बसला आहात, तर यामागेही तुमचा काही डाव असेल, असंच मला वाटतं आहे. तरी सांगतो.

नागझिऱ्याच्या जंगलाला लागून आमचं गाव आहे. इथल्या केशोराव कुंभाराने मला चाकावरून उतरवलं, आव्यात भाजलं आणि थंड झाल्यावर माझ्या पाठीवरून हात फिरवून माझं कौतुक केलं. मग लगेच दगड घेऊन माझं बूड उडवलं. मला इथल्याच रेवाराम नावाच्या शेतकऱ्याच्या वडिलांनी मुद्दाम सांगून बनवून घेतलं होतं. त्यांनी माझ्या तोंडावर बकऱ्याचं ओलं कातडं ताणून बांधलं. कातड्याच्या मधोमध बारीक भोक पाडून त्यातून मेण लावलेली दोरी ओवली, वर गाठ मारली आणि दोरी माझ्या पोटातून खाली लोंबत सोडली. खालून हात घालायचा, ओल्या चिंधीने दोरी धरायची आणि ओढायची. पहिल्यांदा त्यांनी ओढली तेव्हा माझ्या पोटातून जो आवाज निघाला, त्याने गोठ्यातली बैलजोडी दावं तोडून पळाली. मीही घाबरलो होतो, पण मला पळता येत नव्हतं.

तो आवाज बिबट्याचा होता.

तुम्ही बिबट्या ऐकला आहे का? तो वाघासारखी डरकाळी सहसा फोडत नाही. लाकडावर करवत चालावी तसा तो बोलतो. एकदा श्वास बाहेर, एकदा आत. खर्र... खर्र... अशा दहा-पंधरा ओढी झाल्या की थांबतो, दम घेतो, आणि बऱ्याच वेळाने पुन्हा सुरू करतो. रेवारामचे वडील हा आवाज धानासाठी काढत. भाताच्या कणसात दूध भरलं की रानडुकरं बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, उतरतात आणि खातात त्याच्या चौपट तुडवतात. धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, बिबट्याची करवत ऐकू आली की ती शेपट्या वर करून जंगलात परत जात. रखवालीचं हे काम ते दिवेलागणीला करत आणि पुन्हा तांबडं फुटताना. त्यांचा एक दंडक होता. एका जागी दहाच्या वर ओढी मारायच्या नाहीत.

आणखीही दोन आवाज ते माझ्याकडून काढून घेत. कातड्यावर पाणी शिंपडून ते सैल केलं आणि दोरी जोर लावून, संथ ओढली की वाघ. कातडं शेकोटीवर सुकवून ताठ केलं आणि दोरीवर नुसती बोटं थरथरवली की घरचं मांजर. तेव्हा मला वाटे, ही सगळी माझी करामत आहे. पुढे कळलं की मांजरांच्या गळ्यातही असंच काहीसं असतं. पण ते मला ज्या दिवशी कळलं तो दिवस फार वाईट होता. त्याच्याकडेच मी हळूहळू येतो आहे.

वडिलांमागून मी रेवारामच्या हाती आलो. ती माझी सुखाची वर्षं होती. आजूबाजूच्या शेतांचे मालक त्याला बोलावून नेत. "रेवारामभाऊ, आमच्याही धुऱ्यावर दोन ओढी मारून द्या जी," म्हणत. नव्या धानाचे पोहे कुटले की पहिली वाटी त्याच्या घरी येई. माझं कातडं तीनदा बदललं गेलं आणि दर वेळी आवाज आणखी भरदार झाला. लोक वाहवा करत, पण मी सावध होतो. जी माणसं खोटा आवाज ऐकून खूश होतात, ती उद्या कोणत्या गोष्टीवर रागावतील याचा नेम नसतो.

रेवारामवरही माझी नजर असे. दहावी ओढ झाली की तो हात बाहेर काढी, पण उठत नसे. जंगलाकडे तोंड करून, मान किंचित वाकडी करून बसून राही. डुकरं तर केव्हाच गेलेली असत. मग हा कुणाची वाट पाहतो? मी त्याला कधी विचारू शकलो नाही. पण माझ्या मनात पाल चुकचुकत असे.

मग शेजारच्या खुमेंद्रने भोंगा आणला. बॅटरीवर चालणारा, खांबावर टांगायचा. त्यात वाघाची डरकाळी भरलेली आहे, असं विकणाऱ्याने सांगितलं होतं. मला गोठ्यातल्या खुंटीवर अडकवलं गेलं. माझ्या पोटात कोळ्याने संसार थाटला. मी अंधारातून भोंग्याचा आवाज ऐकत असे आणि पहिल्याच दिवशी माझी खात्री झाली की यात काळंबेरं आहे. वाघ "आऽऊं" अशी लांब हाक देतो. हा मात्र मोठी गर्जना करून शेवटी "हुं, हुं, हुं" असं कण्हत बसे. तो सिंह होता! नागझिऱ्याच्या डुकरांच्या सात पिढ्यांनी सिंह पाहिला नव्हता. चार दिवस ती बिचकली. पाचव्या दिवसापासून भोंग्याच्या खांबाला अंग घासून चरायला लागली.

म्हणून यंदा धान दुधात आलं तेव्हा रेवारामने मला खुंटीवरून काढलं, जाळी पुसली, दोरीला नवं मेण लावलं. मला आनंद झाला, हे कबूल करतो. पण त्याच आठवड्यात मुन्नीबाईची बकरी नाहीशी झाली.

मुन्नीबाई म्हणजे रेवारामची भिंतीला भिंत लागून असलेली शेजारीण, एकटी राहणारी. तिच्या घरून रोज सकाळी रेवारामकडे दह्याची वाटी यायची. बकरी गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती केस मोकळे सोडून अंगणात आली आणि ओरडायला लागली. "माह्या घरात करवत चालून रायली बाप्पा! बकरी नेली, आता मलेच न्यायले आला!"

चार माणसं धावली. घरात जायची कुणाची छाती झाली नाही. खुमेंद्रने तेवढा खिडकीच्या गजातून मोबाईल आत धरला आणि आवाज भरून घेतला. खर्रर्र, खर्रर्र. मोबाईल कानाला लावून ज्याने त्याने मान डोलावली. बिबट्याच. मग खुमेंद्र थेट रेवारामच्या दारात आला.

"काकाजी, कायले वाजवता जी ते मटकं? बिबट्याले न्योता देऊन रायले काय?"

"डुकरासाठी वाजवतो बाबू. तुह्याही बांधीतली डुकरं गेली ना?"

"डुकरं गेली अन् बिबट आला. आता लेकरंबाळं घेऊन आमी कुठं जावं?"

उचलली जीभ लावली टाळ्याला. पण गावाला तेवढं पुरलं. दुसऱ्या सकाळी दह्याची वाटी आली नाही. पानठेल्यावर रेवाराम गेला की बोलणं थांबे. कुणी म्हणे, याचा बाप म्हणे शिकाऱ्यांसाठी बिबटे बोलवायचा. कुणी म्हणे, याला कातड्याचे पैसे मिळत असतील. रेवाराम अंगणात बाजेवर बसून राही आणि माझ्याकडे बघे. मीही त्याच्याकडे बघे. खरं सांगतो मित्रांनो, मलाही त्याचा संशय येत होता. ते धुऱ्यावरचं वाट बघणं मी विसरलो नव्हतो. त्याची बाजू घ्यावी असं एकदाही माझ्या मनात आलं नाही, याची मला आज लाज वाटते.

तिसऱ्या दिवशी दुपारी वनरक्षक दुर्गा मॅडम मोटारसायकलवरून आल्या. तरुण बाई, गोंदियाकडच्या, बोलायला सरळ. त्यांनी मला उलटं केलं, पोटात हात घालून दोरी चाचपली आणि भुवया वर केल्या.

"रेवारामजी, अर्ज आला आहे तुमच्या नावानं. हे शिकाऱ्याचं साधन आहे. यानं बिबट्या गावात आला हे ठरलं, तर हे जप्त होईल आणि तुमच्यावर गुन्हा लागेल. मी मनानं काही करत नाही, पण लिहावं लागेल."

अंगणात सगळं गाव जमलं होतं. सहासष्ट वर्षांच्या आयुष्यात रेवारामच्या दारात कधी सरकारी माणूस कागद घेऊन आला नव्हता. तो एवढंच म्हणाला, "मॅडम, लिवा. पन आधी तो आवाज मले एक डाव ऐकू द्या. मले कोनी ऐकूच नाई देल्ला."

खरंच की. गावभर फिरलेला तो आवाज ज्याच्यावर आळ होता त्याला कुणीच ऐकवला नव्हता. खुमेंद्रने नाइलाजाने मोबाईल पुढे केला. रेवारामने डोळे मिटले. एकदा ऐकलं, दुसऱ्यांदा ऐकलं. मग त्याच्या चेहऱ्यावरचा ताण हळूहळू उतरला.

"हे थांबून नाई रायलं मॅडम," तो म्हणाला. "बिबट दहा-पंधरा ओढी मारते अन् दम घेते. हे आत जाते, बाहेर येते, पन मंधात खंडच नाई. असं एकच जनावर बोलते. अन् ते बकरी नाई खात."

दुर्गा मॅडमनी मोबाईल स्वतःच्या कानाला लावला, घड्याळाकडे बघत अख्खं मिनिट ऐकलं आणि त्या मुन्नीबाईच्या घरात शिरल्या. सगळे दाराबाहेर उभे. थोड्या वेळाने आतून पत्र्याचं झाकण वाजलं आणि मॅडमचं हसू ऐकू आलं.

नवं धान घरात यायचं होतं, म्हणून मुन्नीबाईची धानाची पत्र्याची कोठी रिकामी होती आणि झाकण अर्धं सरकलेलं होतं. तळाशी फाटक्या पोत्यावर एक कबरी मांजर चार पिल्लांना पाजत पडली होती आणि सुखाने घुरघुरत होती. पत्र्याच्या रिकाम्या पोटात तिची घुरघुर घुमून बिबट्याएवढी झाली होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा! भरीस भर म्हणजे तेवढ्यात शेजारच्या गावच्या गुराख्याचा फोन आला की एक काळी बकरी तीन दिवसांपासून त्याच्या कळपात फिरते आहे, कुणाची असेल तर घेऊन जा. संध्याकाळच्या आत मुन्नीबाईची बकरी दाव्याला बांधलेली होती आणि मुन्नीबाई पदराने तोंड झाकून रेवारामपुढे उभी होती.

"चुकलं भाऊ माहं," ती म्हणाली.

"होते वो बाई," रेवाराम म्हणाला. "भेवानं होते."

मॅडमनी मग पोरांना जवळ बोलावलं आणि समजावून सांगितलं. मीही कान देऊन ऐकलं. घरच्या मांजराच्या गळ्यात आवाजाच्या दोन मऊ पट्ट्या असतात. त्या सेकंदाला वीस-तीस वेळा उघडतात नि मिटतात. श्वास आत जाताना आणि बाहेर येतानाही. म्हणून घुरघुर तुटत नाही. जिभेच्या मुळाशी एक चिमुकलं हाड असतं. घरच्या मांजराचं, रानमांजराचं ते सगळंच घट्ट हाडाचं. वाघ, सिंह, बिबट्या यांच्यात त्याच्या जागी काही भाग लवचीक, दोरीसारखा ताणणारा असतो आणि आवाजाच्या पट्ट्या लांब, जाड, मऊ असतात. "म्हणून ही मोठी मांजरं डरकाळी फोडू शकतात, पण घरच्या मनीसारखी सलग घुरघुर त्यांना जमत नाही," मॅडम म्हणाल्या. "वाघ खूश असला की नाकातून फुर्रर्र करतो. आणि गंमत सांगू? वयात आलेली घरची मांजरं एकमेकांशी फारसं म्याऊ म्याऊ करत नाहीत. ते बहुतेक आपल्यासाठी असतं."

मला हसू आलं. म्हणजे मांजरही माणसाला हवा तो आवाज काढून आपलं काम साधतं. मी एकटाच नव्हतो तर.

एवढ्यावर सगळं संपलं असतं, तर मी आज तुमच्याशी इतकं बोललो नसतो. दिवस कलला होता. मॅडमनी कागद मांडीवर घेतला होता आणि त्या 'तक्रारीत तथ्य नाही' असं लिहायला बसल्या होत्या. सही तेवढी बाकी होती. तेवढ्यात खुमेंद्रच म्हणाला, "काकाजी, एक डाव वाजवून तं दाखवा. मांजर कोनतं अन् बिबट कोनतं, आमालेही समजू द्या." मुन्नीबाई म्हणाली, "वाजवा जी भाऊ." मॅडमनीही पेन थांबवलं. त्यांनाही ऐकायचं होतं.

तीन दिवस ज्याच्याकडे कुणी बघत नव्हतं, त्याच्याभोवती आता सगळं गाव गोळा झालं होतं. रेवारामने मला मांडीवर घेतलं. त्याच्या हाताची ऊब मला आतून जाणवली. पहिल्यांदा मांजर. पोरं टाळ्या पिटायला लागली. मग वाघ. मग त्याने चिंधी पिळली, दम घेतला आणि बिबट्या सुरू केला.

मी असा कधीच वाजलो नव्हतो. दहा ओढी झाल्या. तो थांबला नाही. बारा झाल्या, पंधरा झाल्या. माणसं वाहवा करत होती आणि तो डोळे मिटून ओढत होता. मीही त्याला साथ देत होतो. माझं कातडं, माझं पोकळ पोट, माझं फोडलेलं बूड, सगळं त्या आवाजासाठीच जन्माला आलं होतं असं मला पहिल्यांदा वाटलं. मी संशय घ्यायचा विसरलो. अखेर त्याने हात काढला आणि अंगणात शांतता झाली.

आणि गावामागच्या पहाडीवरून उत्तर आलं.

खर्र... खर्र... खर्र... मोजून अकरा ओढी. मग खंड. गावातली कुत्री एकदम गप्प झाली. मुन्नीबाईची बकरी दाव्याभोवती गोल फिरायला लागली. पुन्हा आवाज आला, तेव्हा तो पहाडीच्या पायथ्याशी, बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, पलीकडे होता.

"पोरं आत घ्या, दारं लावा," दुर्गा मॅडम हळू पण ठाम आवाजात म्हणाल्या. बायकांनी पोरं उचलली. माणसांनी टॉर्च लावले, थाळ्या बडवल्या. बराच वेळ गेला. तिसरा आवाज दूरचा होता, जंगलाकडे परतणारा. कुणाला ओरखडा आला नाही. पण अंगणात उरलेल्या माणसांची तोंडं पांढरीफटक पडली होती.

खुमेंद्र कुजबुजला, "आला ना?"

मॅडम कागदाकडे बघत होत्या. मग त्यांनी रेवारामकडे बघितलं. ते जंगलाकाठचं गाव, संध्याकाळची वेळ, बिबट्या आपल्या वाटेने जाताना बोलला असेल, एवढं म्हणायला किती वेळ लागतो? कुणीही मान्य केलं असतं. म्हण रे, मी मनात म्हणत होतो, म्हण की योगायोग आहे. मला जप्त व्हायचं नव्हतं. मला पुन्हा तसं वाजायचं होतं.

रेवाराम मान खाली घालून म्हणाला, "मॅडम, ते कागद फाडा. दुसरं लिवा. आधीचं खोटं होतं, पन आजचं खरं हाय. माह्याच मटक्यानं आला तो. मी इतके सालं वाट पाहात होतो, एक डाव तरी जबाब यावा म्हनून. आज आला, तं माह्याच दारात लेकरं उभी होती."

कुणी काही बोलायच्या आत त्याने वळचणीला खोचलेला विळा काढला आणि माझं कातडं उभं-आडवं चिरलं. दोरी खाली गळून पडली. मला दुखलं. त्याहून जास्त त्याला दुखलं असावं, कारण विळा परत खोचताना त्याला जागा दिसत नव्हती.

दुर्गा मॅडमनी नवा कागद काढला. साधन मालकाने आपल्या हाताने आमच्यासमोर नष्ट केलं, असं त्यांनी लिहिलं आणि गुन्हा लावला नाही. जाताना म्हणाल्या, "रेवारामजी, पुन्हा वाजलं, तर मी स्वतः येईन." खुमेंद्र त्याला हात धरून बाजेवर बसवून गेला. दुसऱ्या सकाळी दह्याची वाटी आली. आता डुकरांसाठी रेवाराम आणि खुमेंद्र मिळून रात्रपाळीने जागल करतात आणि रिकामे डबे बडवतात. यंदा थोडं धान गेलं, पण बरंच वाचलं.

आणि मी? मी आयुष्यभर केशोरावचा, भोंग्याचा, गावाचा, रेवारामचा, सगळ्यांचा संशय घेतला. फक्त स्वतःच्या आवाजाचा घेतला नाही. मित्रांनो, तुम्हीही जंगलाकडे जाल, मोबाईलवर वाघा-बिबट्यांचे आवाज लावाल, त्यांना साद घालाल. नका घालू. ती हाक त्यांच्यासाठी खेळ नसते. ती ऐकून तो आपली हद्द राखायला, आपली सोबतीण शोधायला खरंच निघून येतो, आणि तुमच्याजवळ त्याला द्यायला काहीच नसतं.

अजून एक विनंती. मला गोठ्यातून काढून कुणी नवं कातडं चढवू नका. रेवाराम कधी कधी एकटाच येतो, चिरलेल्या कातड्याच्या कडेवरून बोट फिरवतो आणि पहाडीकडे बघत उभा राहतो. त्याने मागितलं तरी देऊ नका. कारण त्याचा हात पुन्हा माझ्या पोटात आला, तर मी वाजेन.